जनुक दुरुस्त झालं, पण कुठल्या पेशीत?

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजारावरच्या दोन जीन थेरपींना एकाच दिवशी परवानगी दिली. त्यातली एक, कॅसजेव्ही, क्रिस्पर तंत्राची. ब्रिटनने तिला नोव्हेंबरातच मान्यता दिली होती, त्यामुळे जगातला पहिला मान्यताप्राप्त क्रिस्पर उपचार हा मान तिचा. बातम्यांचे मथळे एका सुरात होते: जनुकीय कात्रीने आजार कापला. किंमतही मथळ्यात होती, २२ लाख डॉलर, आणि तो आकडा वाचल्यावर पुढचं वाचायचं भान किती जणांना राहिलं असेल कोण जाणे.

मथळ्यातली कात्री खरी आहे, पण ती एका वेळी एका पेशीत चालते. माणसावर उपचार करायचा तर कोट्यवधी पेशींत ती सोडावी लागते. काहींत ती नीट चालते, काहींत अर्धवट, काहींत चालतच नाही. मग या सगळ्या पेशी एकत्रच रुग्णाच्या शरीरात परत जातात. पुढची कित्येक वर्षं रक्त कोण बनवणार, दुरुस्त झालेल्या पेशी की तशाच राहिलेल्या, यावर उपचार टिकणार की विरणार ते ठरतं. माझ्या मते जनुक बदलणं हे आता या उपचारातलं तुलनेने सोपं काम झालंय. बदललेल्या पेशींना जागा मिळवून देणं अवघड आहे, आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी.

रक्त येतं कुठून?

आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी नव्याने तयार होतात. प्रत्येकीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. पांढऱ्या पेशींपैकी काही तर एखाददोन दिवसांतच संपतात. एवढा सगळा पुरवठा हाडांच्या आतल्या मऊ गरातून, म्हणजे अस्थिमज्जेतून होतो, आणि त्याच्या मुळाशी असतात रक्ताच्या मूलपेशी, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो. मूलपेशीला दोन गोष्टी जमतात: स्वतःसारखी दुसरी मूलपेशी तयार करणं, आणि लाल, पांढरी, प्लेटलेट अशी कुठलीही रक्तपेशी होईल अशी संतती देणं.

अशा मूलपेशी किती असतात? २०१८ मध्ये एका निरोगी माणसाच्या रक्तपेशींमधले बारीक बारीक बदल तपासून त्यांची वंशावळ मांडली गेली. त्यावरून निघालेला अंदाज ५० हजार ते २ लाखांचा आहे. एवढ्याच पेशी जन्मभराचं रक्त पुरवतात. शिवाय त्यातल्या बहुतेक बहुतेक वेळ निवांत पडून असतात, क्वचितच विभागतात. हा निवांतपणा लक्षात असू द्या, पुढे तोच आडवा येणार आहे.

एखाद्या लाल पेशीत सुधारणा करून उपयोग नाही, कारण चार महिन्यांत ती जाणार. (तिच्यात जनुकंच नसतात, ही आणखी वेगळी अडचण.) कायमचा फरक हवा तर मूलपेशीतच बदल करावा लागतो.

उपचार होतो कसा?

आधी रुग्णाला अशी इंजेक्शनं देतात की मज्जेला चिकटून बसलेल्या मूलपेशी सुटून रक्तात येतात. मग प्लेटलेट दान करताना लावतात तसल्या यंत्रातून रक्त फिरवून त्या गोळा करतात. सिकलसेलमध्ये इथेच एक वळसा घ्यावा लागतो. मूलपेशी बाहेर काढण्यासाठी नेहमी वापरतात ते जी-सीएसएफ हे औषध या रुग्णांत जीवघेणा त्रास देऊ शकतं, म्हणून प्लेरिक्साफॉर नावाच्या दुसऱ्या औषधावर भागवतात. एका फेरीत पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत तर रुग्णाला पुन्हा यावं लागतं.

प्रयोगशाळेत या पेशी दोन-तीन दिवस पोसतात आणि त्यांच्यात बदल घडवतात. एक मार्ग विषाणूचा: एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूमधला रोग पसरवणारा भाग काढून टाकायचा आणि त्याच्याकरवी चांगलं जनुक आत पोचवायचं. दुसरा क्रिस्परचा: विजेचा हलका झटका देऊन पेशीचं आवरण क्षणभर सैल करायचं आणि कात्री आत सोडायची. मग पेशी गोठवतात आणि तपासण्या होतात. त्या पार पडल्या की रुग्णाला बुसल्फान हे केमोचं औषध देऊन त्याची जुनी मज्जा रिकामी करतात आणि तयार पेशी रक्त चढवावं तशा शिरेतून सोडतात. त्या आपला रस्ता शोधत मज्जेत जाऊन बसतात. पांढऱ्या पेशींचा आकडा वर यायला काही आठवडे लागतात, आणि तोवर रुग्णाला जंतुसंसर्गापासून जपत रुग्णालयात ठेवावं लागतं.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर बुसल्फान ही नांगरट आणि पिशवीतल्या पेशी हे बियाणं. नांगरट कच्ची राहिली तर जुनं गवत नव्या रोपांना वर येऊ देत नाही. बियाण्यात भेसळ असेल तर नांगरट कितीही खोल होवो, पीक भेसळीचंच येणार.

पहिली निवड: मूलपेशी ओळखणं

यंत्रातून जे गोळा होतं त्यात नाना तऱ्हेच्या पेशी असतात. त्यातून मूलपेशी वेगळ्या काढायला त्यांच्या आवरणावरचा सीडी३४ नावाचा रेणू खूण म्हणून वापरतात. या खुणेला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी घेतात, तिला लोहाचा अतिसूक्ष्म कण जोडलेला असतो. पेशींचं मिश्रण चुंबकात बसवलेल्या नळीतून सोडलं की खूण असलेल्या पेशी नळीतच अडकतात, बाकीच्या वाहून जातात. मग नळी चुंबकापासून दूर करून अडकलेल्या पेशी धुऊन घेतात. पद्धत जुनी आहे आणि खात्रीची.

कॅसजेव्हीसाठी रुग्णाच्या दर किलो वजनामागे अशा किमान ३० लाख पेशी लागतात. ६० किलोच्या माणसाला झाल्या १८ कोटी. आकडा भरघोस वाटतो, पण सीडी३४ ही खूण खऱ्या मूलपेशीवर असते तशी तिच्या लेकीनातींवरही असते, आणि त्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपून जातात. जीन थेरपी झालेल्या रुग्णांच्या रक्तात कुठली पेशी कुणाची संतती आहे याचा माग वर्षानुवर्षं ठेवला गेलाय. त्यावरून दिसतं की दीर्घकाळ टिकणारी मूलपेशी या गर्दीत लाखात एखादी, कधी दहा लाखांत एखादी असते. म्हणजे पिशवीवर लिहिलेलं असतं १८ कोटी आणि पुढची वीस वर्षं राबणार असतात काहीशे ते काही हजार.

जनुक बदललं की नाही हे सीडी३४ मुळीच सांगत नाही. ते ओळखून बदललेल्या पेशींना पुढे काढणं ही दुसरी निवड. आज सिकलसेल आणि थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) यांसाठी मान्यता मिळालेल्या उपचारांत ही दुसरी निवड नाही. बदललेल्या आणि न बदललेल्या पेशी एकाच पिशवीतून जातात.

मग आजवर चाललं कसं?

कारण कॅसजेव्हीने सोपा मार्ग धरला. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर चुकलेलं असतं. ते अक्षर कॅसजेव्ही दुरुस्त करत नाही. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं जनुक ते बंद पाडतं. कॅसजेव्ही या जनुकाचं लाल पेशींपुरतं बटण तोडते, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. नुसतं तोडायचं असेल तर पेशी फार कुरकुर करत नाही. तुटलेली टोकं ती घाईने सांधते, सांधताना एखाददुसरं अक्षर गळतं, आणि इथे तेच हवं असतं. सुरुवातीच्या रुग्णांत या जनुकाच्या ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास प्रतींमध्ये हा बदल झाला होता.

चुकलेल्या अक्षराच्या जागी बरोबर अक्षर बसवायचं तर गोष्ट बदलते. त्यासाठी पेशीला नमुना द्यावा लागतो आणि त्यावर बघून तिने सांधा जुळवावा लागतो. ही यंत्रणा मुख्यतः विभागणीच्या तयारीत असलेल्या पेशीत चालते, आणि खरी मूलपेशी तर निवांत पडलेली. परिणामी नेमकी जिथे दुरुस्ती हवी तिथेच ती कमी होते. प्रयोगशाळेतल्या तपासणीत टक्केवारी बरी दिसते, कारण तिथे बहुसंख्य असलेल्या अल्पायुषी पेशी चटकन दुरुस्त होतात. त्या ओसरल्या की उंदरांवरच्या प्रयोगांत आकडा खाली येतो. सिकलसेलचं अक्षर असं थेट दुरुस्त करण्याची एक मानवी चाचणी २०२३च्या सुरुवातीला पहिल्याच रुग्णानंतर थांबवावी लागली. त्याच्या रक्तपेशींचे आकडे दीर्घकाळ वर आलेच नाहीत.

सगळ्याच पेशी दुरुस्त व्हायला हव्यात का?

नाही, आणि हे या क्षेत्राचं मोठं नशीब आहे. दात्याकडून मज्जा घेतलेल्या सिकलसेल रुग्णांचा अभ्यास सांगतो की मज्जेतला दात्याचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास असला तरी आजार काबूत राहतो. कारण सिकलसेलची लाल पेशी १० ते २० दिवसांत फुटते, निरोगी पेशी १२० दिवस टिकते. मज्जेत पाचातली एक असली तरी रक्तात निरोगी पेशींचंच राज्य होतं. ही निवड कुणी करत नाही, ती आपसूक होते.

जन्मजात प्रतिकारशक्ती नसणाऱ्या बाळांत हे आणखी ठळक दिसतं. १९९९ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात ॲलन फिशर आणि मरीना काव्हाझाना यांच्या चमूने अशा बाळांवर जीन थेरपी सुरू केली, तीही आधी केमो न देता. दुरुस्त जनुक असलेल्या मोजक्या पेशींना टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बनता आलं, बाकीच्यांना येतच नव्हतं. मैदान मोकळं होतं, त्यांनी ते भरून टाकलं. फॅन्कोनी ॲनिमियातही तसंच. त्यात डीएनएची डागडुजी करणारी यंत्रणा बिघडल्यामुळे मूलपेशी एकेक करून संपत जातात. स्पेनमधल्या संशोधकांनी केमोविना दिलेल्या दुरुस्त पेशी सुरुवातीला जेमतेम सापडत होत्या, पण पुढच्या काही वर्षांत त्यांचं प्रमाण चढत गेलं.

अशी मदत प्रत्येक आजारात मिळत नाही. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण मारू शकत नाहीत. तिथे दुरुस्त मूलपेशी आणि बिघडलेली मूलपेशी मज्जेत सारख्याच जगतात, सारख्याच वाढतात. दुरुस्त पेशीला झुकतं माप द्यायला निसर्गाकडे काही कारण नसतं. ते माप आपल्यालाच द्यावं लागतं.

एका बाईच्या मज्जेत घडलेला अपघात

व्हिम सिंड्रोम नावाचा एक फार दुर्मीळ आजार आहे. सीएक्ससीआर४ या जनुकाची एक प्रत गरजेपेक्षा जास्त काम करते, त्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मज्जेतच अडकून राहतात, रक्तात उतरतच नाहीत. सतत जंतुसंसर्ग, अंगभर चामखिळी. वैद्यकीय साहित्यात हा आजार पहिल्यांदा १९६४ मध्ये एका लहान मुलीच्या रूपाने नोंदला गेला.

ती मुलगी मोठी झाली, तिला मुली झाल्या, त्यांनाही आजार उतरला. त्यांना घेऊन ती अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आली आणि डॉक्टरांना म्हणाली की मला स्वतःला वीसेक वर्षं काही त्रास नाही. तपासलं तर तिच्या न्यूट्रोफिलमध्ये बिघडलेली प्रत नव्हतीच. कधीतरी तिच्या एका मूलपेशीत गुणसूत्र क्रमांक २ चे तुकडे तुकडे झाले आणि वेडेवाकडे पुन्हा जोडले गेले. त्या पडझडीत १६४ जनुकांची एकेक प्रत हरवली आणि हरवलेल्यांत ते बिघडलेलं सीएक्ससीआर४ होतं. अशी पेशी मरायला हवी होती, निदान कॅन्सरकडे वळायला हवी होती. तसं काहीच झालं नाही. तिच्या संततीने हळूहळू मज्जेचा मोठा भाग व्यापला आणि बाई बऱ्या झाल्या. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच चमूने उंदरांत दाखवलं की सीएक्ससीआर४ची एक प्रत कमी असलेली मूलपेशी मज्जेत जास्त जोमाने रुजते. म्हणजे ज्या बदलाने आजार गेला त्याच बदलाने पेशीला वरचढही केलं.

नवीन तंत्रं नेमका हाच योग जुळवायच्या खटपटीत आहेत: दुरुस्ती आणि वरचढपणा एकाच पेशीत, तोही ठरवून.

बाहेरच निवडून घेतलं तर?

सर्वात सरळ उपाय म्हणजे दुरुस्त पेशीला खूण द्यायची आणि ती बघून वेचायची. स्टॅनफर्डमधल्या मॅथ्यू पोर्टियस यांच्या गटाने २०१६ मध्ये हे करून दाखवलं. हिमोग्लोबिनच्या जनुकाबरोबर त्यांनी एक बिनकामाचा रेणूही जोडला. मज्जातंतूंच्या पेशींवर असणाऱ्या एका ग्राहीचा, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणाऱ्या रेणूचा, आतला भाग छाटून टाकलेला हा तुकडा. तो पेशीच्या आवरणावर दिसतो, पण आत कसलाही संदेश देत नाही. मग तीच चुंबकाची युक्ती, फक्त खूण वेगळी. वेचून घेतलेल्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेशींत बदल झालेला होता.

आता अडचणी. खूण आवरणावर दिसायला वेळ लागतो आणि मूलपेशी बाहेर जितकी जास्त राहते तितकी तिची मूलपेशी असण्याची ताकद ओसरते. वेचताना पेशी वाया जातात. शंभरातल्या वीस दुरुस्त असतील तर वीसच हाती उरतात, आणि रुग्णाकडून आधीच काठावर पेशी मिळालेल्या असतात. कमी पेशी दिल्या तर मज्जा भरायला उशीर होतो, आणि तेवढे दिवस रुग्ण उघड्यावर. शुद्ध बियाणं हवं म्हणून मूठभरच पेरायचं आणि अख्खं शेत त्यावर सोडायचं, असला हा जुगार आहे.

आधी पेरा, मग तण काढा

दुसरा विचार असा, की सगळ्या पेशी आत जाऊ द्या, पण दुरुस्त पेशींना अशा एका औषधापासून संरक्षण द्या ज्याने बाकीच्या मरतात. तणनाशकाला दाद न देणारं पीक आधी पेरायचं आणि मग अख्ख्या शेतावर फवारणी करायची, तसं.

यातलं सर्वात जुनं आणि पुष्कळ तपासलेलं जनुक म्हणजे एमजीएमटी. टेमोझोलोमाइडसारखी केमोची औषधं डीएनएला जी इजा करतात ती एमजीएमटीचं प्रथिन दुरुस्त करतं. बेंझिलग्वानीन नावाचं औषध हे प्रथिन निकामी करतं. पण प्रथिनातला १४० क्रमांकाचा घटक बदलला तर बेंझिलग्वानीनचा त्यावर परिणाम होत नाही. हव्या त्या जनुकाबरोबर हे बदललेलं एमजीएमटी पेशीत घातलं आणि नंतर दोन्ही औषधं दिली, की साध्या पेशी गळतात आणि बदललेल्या तगतात. उंदीर, कुत्री, माकडं या सगळ्यांत हे चाललं. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या रुग्णांतही ते वापरून पाहिलं गेलं. तिथे केमो तशीही द्यायचीच होती, आणि मज्जेला संरक्षण असल्यामुळे ती सोसणं शक्य झालं.

मग ही पद्धत सगळीकडे का नाही? कारण सिकलसेल असलेल्या मुलाला केमो एरवी द्यायची नव्हती. निवडीसाठी म्हणून डीएनएला इजा करणारं औषध द्यायचं, म्हणजे न्यूट्रोफिल पडणार, संसर्गाची भीती आणि पुढे कॅन्सरचीही. मेंदूच्या कॅन्सरमध्ये हा हिशेब पटतो, सिकलसेलमध्ये पटवणं कठीण. एचपीआरटी हे जनुक दाबून सहा-थायोग्वानीन हे औषध वापरण्याची अशीच एक युक्ती आहे. औषध जरा सौम्य, आक्षेप मात्र तोच.

अँटिबॉडीला न सापडणारी पेशी

मला सर्वात आशादायक वाटतो तो मार्ग वेगळाच आहे, कारण त्यात केमोची जागा अँटिबॉडी घेते. मूलपेशीच्या आवरणावर सीडी११७, म्हणजे किट, नावाचा ग्राही असतो. जगायला मूलपेशीला त्याची गरज असते. त्याला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी दिली तर मूलपेशी मज्जेतून हटवता येतात. पण नवीन पेशींवरही किट असतोच, आणि अँटिबॉडी शरीरात असताना त्या सोडल्या तर त्याही मारल्या जातील.

त्यावरची तोड अशी: अँटिबॉडी किटच्या अगदी छोट्याशा भागाला ओळखते. जनुकात एखाददुसरं अक्षर बदललं तर तेवढा भाग किंचित वेगळा होतो. किट आपलं काम करत राहतो, अँटिबॉडीला मात्र तो सापडत नाही. बोस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये किट आणि आणखी दोन ग्राहींवर हे करून दाखवलं, मानवी पेशी रुजवलेल्या उंदरांत. बेस एडिटिंग या नव्या तंत्राने डीएनएचे दोन्ही धागे न तोडता एक अक्षर बदलता येतं, त्यामुळे आजाराची दुरुस्ती आणि ही सूट एकाच वेळी देता येण्यासारखी आहे. मग अँटिबॉडीची पुढची मात्रा जुन्या पेशींवर पडते, नव्या सुटतात. गरज वाटली तर महिन्याभराने पुन्हा एक मात्रा. बुसल्फानबाबत हे शक्य नसतं.

एक अट मात्र आहे. आजाराची दुरुस्ती आणि अँटिबॉडीपासूनची सूट एकाच पेशीत झाली पाहिजे. सूट मिळाली पण दुरुस्ती झाली नाही, अशा पेशीही तितक्याच सुखाने वाढतील. औषधाला दिसते फक्त खूण. दुरुस्ती त्याला दिसत नाही. या विषयातली निम्मी फसगत इथे होते.

ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्येही हाच विचार चालतो, पण तिथे मागणी कडक असते. अँटिबॉडी किंवा कार-टी पेशी (कॅन्सर ओळखून मारायला प्रयोगशाळेत बदललेल्या टी-पेशी) कॅन्सरच्या पेशींबरोबर निरोगी मूलपेशींच्या संततीलाही मारतात. दात्याच्या मूलपेशींतून सीडी३३ हा रेणूच काढून टाकला तर औषध फक्त कॅन्सरला लागतं, आणि याच्या मानवी चाचण्याही झाल्या आहेत. तिथे २० टक्के बदल पुरत नाही. ज्या पेशींत बदल झाला नाही त्या औषधाच्या तावडीत सापडणारच.

स्कीपटूचं जनुक

फिनलंडचा एरो मॅन्टीरॅन्टा हा १९६०च्या दशकातला नामांकित स्कीपटू, ऑलिंपिकची सात पदकं मिळवलेला. त्याचं हिमोग्लोबिन कमालीचं जास्त होतं आणि उत्तेजकाचा संशय आयुष्यभर त्याच्या मागे लागला. १९९३ मध्ये त्याच्या कुटुंबाच्या अभ्यासातून कळलं की लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचा ग्राही त्यांच्यात शेपटाकडे तोकडा आहे. थांबण्याची सूचना त्या शेपटातून मिळते, ती मिळत नसल्याने लाल पेशी जास्त तयार होतात. या कुटुंबातली माणसं तशी धडधाकट जगली.

स्टॅनफर्डच्या गटाने हाच तोकडा ग्राही दुरुस्त जनुकाला जोडून पाहिला. गंमत अशी की यात मूलपेशीला काहीच फायदा मिळत नाही. फायदा मिळतो तो तिच्यापासून लाल पेशी बनत असताना. मज्जेत दुरुस्त मूलपेशी थोड्या असल्या तरी लाल पेशींत त्यांचा वाटा फुगतो. मूलपेशीला हात न लावता पीक वाढवण्याची ही रीत सिकलसेल आणि थॅलेसेमियापुरती मोलाची आहे, पांढऱ्या पेशींच्या आजारांत तिचा उपयोग नाही.

वरचढ पेशी उद्या कॅन्सर होणार नाही कशावरून?

शंका रास्त आहे, आणि ती प्रत्यक्षात उतरलेली आहे. पॅरिसमधल्या ज्या बाळांबद्दल वर लिहिलं त्यातल्या काहींना पुढे ल्युकेमिया झाला. विषाणूने चांगलं जनुक नेऊन ठेवलं ते एलएमओ२ या वाढीच्या जनुकाशेजारी, आणि ते सुरू झालं. लंडनच्या चाचणीतही हे घडलं. पॅरिसमधलं एक मूल दगावलं. नंतर विषाणू बदलले, अधिक सुरक्षित झाले, तरी धोका शून्य झाला नाही. ॲड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी या मेंदूच्या आजारावरच्या एका थेरपीत ६७ पैकी ७ मुलांना रक्ताचा कॅन्सर झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

याची दुसरी बाजूही आहे. पॅरिसमध्येच २००७ मध्ये थॅलेसेमियाच्या एका रुग्णावर उपचार झाले. काही काळाने दिसलं की त्याच्या दुरुस्त पेशींचा मोठा हिस्सा एकाच मूलपेशीची संतती आहे, आणि तिच्यात नवं जनुक एचएमजीए२च्या आत जाऊन बसलंय. सगळे धास्तावले. पण ती पेशी कॅन्सरकडे वळली नाही आणि रुग्णाला रक्त चढवावं लागेनासं झालं. वरचढपणा आणि कॅन्सर या दोन गोष्टी एकच नाहीत; पण पहिलीतून दुसरीकडे जाणारी वाट आहे, हे नाकारता येत नाही.

क्रिस्परची स्वतःची एक मेख आहे. डीएनए तुटला की पेशीतलं पी५३ हे जनुक धोक्याची सूचना देतं आणि पेशी थांबते किंवा मरते. २०१८ मध्ये एकाच वेळी आलेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं की कात्री सोसून टिकणाऱ्या पेशींत पी५३ आधीच बिघडलेल्या पेशींचं प्रमाण वाढू शकतं. अशा पेशींना झुकतं माप मिळणं म्हणजे कॅन्सरला आमंत्रण. वर काटेकोर निवड केली तर मज्जेत राबणाऱ्या मूलपेशींची संख्याच कमी होते. काही हजारांऐवजी काही डझन पेशींनी आयुष्यभराचं रक्त बनवायचं झालं तर प्रत्येकीवर विभागणीचा ताण वाढतो, आणि एखादी बिघडली तर तिला आवर घालायला इतर फारशा नसतात. म्हणून 'शंभर टक्के दुरुस्त पेशी' ही जाहिरात ऐकली तर लगेच विचारावं: वेगवेगळ्या किती मूलपेशींतून? रक्त किती मूलपेशींमधून येतंय हे मोजता येतं. विषाणू वापरला असेल तर नवं जनुक कुठे बसलंय त्यावरून प्रत्येक मूलपेशीचा वंश ओळखता येतो. अमेरिकी नियामक अशा रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवायला सांगतो ते याचसाठी.

मुलाबाळांत हा बदल उतरेल का?

नाही. बदल रक्ताच्या मूलपेशींत होतो, बीजांडात किंवा शुक्राणूत नाही. सिकलसेलमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या मुलाला ते जनुक मिळू शकतंच, पूर्वीसारखंच.

उलट मुलं होतील का, हाच प्रश्न जास्त खरा आहे, आणि तो बुसल्फानमुळे येतो. हे औषध बीजांडं आणि शुक्राणू दोन्हींना मारक आहे. म्हणून उपचाराआधी वयात आलेल्या रुग्णांची बीजं गोठवून ठेवायचा सल्ला देतात. पण यातले कित्येक आजार लहानपणीच गाठतात, आणि वयात न आलेल्या मुलाकडे गोठवायला शुक्राणू नसतात. मुलींच्या बाबतीत अंडाशयाचा तुकडा काढून ठेवता येतो, मुलांच्या वृषणाच्या तुकड्याचं तंत्र अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. काही कुटुंबं सिकलसेलवरचा हा उपचार पुढे ढकलतात ते नेमकं या कारणाने. बुसल्फानशिवाय, अँटिबॉडीच्या बळावर दुरुस्त पेशींना जागा मिळू लागली तर त्यांना एवढी वाट बघावी लागणार नाही.